हातांनी घेतलेली शपथ

दोघी बहिणींतली थोरली खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायची. तोंडात बारीक खिळे धरून ती कापड असं ताणायची की सुरकुती औषधालाही सापडू नये. जन्मापासून बहिरी. आईच्या कडेवर या देशात आली, इथेच वाढली. पण कागदोपत्री परकीच. धाकटी बहीण इथे जन्मली, म्हणून आपोआप नागरिक. "तुला बसल्या जागी मिळालं," थोरली हातांनी चिडवायची.

चाळिशी ओलांडल्यावर तिने मनावर घेतलं. नागरिकत्वाआधी राज्यशास्त्राचा वर्ग करावा लागे. धाकटी शेजारी बसून शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं खुणांनी सांगे. 'सार्वभौम' शब्द आला आणि धाकटीचे हात अडले. घरात असली खूण कधी लागलीच नव्हती! बाई म्हणाल्या, "ज्याच्यावर हुकूम चालवणारं कुणी नाही, ते." थोरलीने डोक्यावरची सगळी जागा हाताने झाडून टाकली. बाई खूश! मग मतदान, न्यायालय, विरोधी पक्ष, सगळ्यांच्या खुणा दोघींनी मिळून घडवल्या.

शपथेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. अधिकारी अवघडून म्हणाले, "शपथ मोठ्याने म्हणावी लागते. यांच्या वतीने बहिणीने म्हटली तर?"

धाकटी पुढे सरसावली. थोरलीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "तू म्हटलीस तर पुन्हा तूच नागरिक होशील. शपथ माझी आहे." मग अधिकाऱ्यांकडे वळून तिने भराभर हात चालवले.

धाकटी चाचरत म्हणाली, "ती विचारतेय, इथे जन्मलेली बहिरी माणसं नागरिक असतात ना? मग त्यांची भाषा या देशाची झाली की नाही?"

अधिकारी हसले. "नागरिक व्हायच्या आधीच सरकारला जाब विचारायला लागल्या की या!" आत जाऊन ते साहेबांशी बोलून आले. "घ्या शपथ. तुमच्या हातांनी."

थोरलीने सावकाश एकेक शब्द हवेत उभा केला. धाकटी तो मोठ्याने सांगत होती, पण मध्येच ती बोलायचं विसरून बहिणीच्या हातांकडे बघत राहिली. थोरली थांबली नाही. शेवट कुणी न सांगताच सगळ्यांना कळला. शपथ बघायला आलेल्या वर्गाच्या बाईंनी दोन्ही हात उंच करून हलवले, ही बहिऱ्यांची टाळी. आणि बघता बघता अख्खं सभागृह हात हलवत उभं राहिलं.

आता थोरली त्याच वर्गात बहिऱ्या माणसांना राज्यशास्त्र शिकवते. वाद असा रंगतो की एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत जातं. आणि मत कुणाला दिलंस, असं धाकटीने कितीही खोदून विचारलं, तरी ती सरळ दोन्ही हात खिशात घालते.