कपाच्या बुडाखालचा लाल सूर्य

आजी गेली तेव्हा वाटणी झाली. मोठ्या काकीला सोन्याच्या पाटल्या आणि माझ्या आईला कपबश्या. सरळ सांगते, मला तेव्हाही राग आला होता आणि आजही थोडा येतो. मॉरिशसच्या दक्षिणेला आजीचं सुरिनाम गाव, तिथून आमच्या बो बासें शहरापर्यंत आई बसमध्ये कपबश्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली आणि घरात पाऊल टाकल्यावर एवढंच म्हणाली, "सासूबाईंच्या लेखी माझी किंमत ही."

बाबांना ते झोंबलं. शेवटी आजी म्हणजे त्यांची आई. सरकारी कचेरीत काम करणारा माणूस, चौकशी केल्याशिवाय कुठलीही गोष्ट सोडायची नाही ही सवय. त्यांनी जाहीर केलं की सेट जपानी आहे, आजीच तसं म्हणायची, आणि एखाद्या नामांकित कारखान्याचा निघाला तर काकीच्या पाटल्या त्याच्यापुढे पाणी भरतील. फक्त कारखाना शोधायला हवा.

कप होते मात्र देखणे. अंगावर उठावाचा ड्रॅगन, आणि कप उजेडाकडे धरला की बुडातून एका जपानी बाईचा चेहरा दिसायचा. तिच्या गालावर डाग होता, कारण बुडाखाली लाल रंगात एक गोल आणि त्याला चिकटलेल्या तीन रेघा होत्या. बाबा म्हणाले, उगवता सूर्य आणि त्याचे किरण, हाच कारखान्याचा शिक्का. आता प्रत्येक कपावरचा सूर्य वेगळा होता, एक तर पार चेपलेला. बाबांच्या मते हे हातकामाचं लक्षण.

आधी त्यांनी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराला शिक्का वाचायला लावला. तो म्हणाला की हे चिनी नाही, जपानी त्याला येत नाही, त्याचा जन्म इथलाच, आणि तांदूळ घ्यायचे आहेत की नाहीत. मग बाबा मला घेऊन पोर्ट लुईच्या बंदरावर गेले. तेव्हा तिथे जपानी मासेमारी बोटी लागायच्या. बाबांनी टाय लावला होता. एका खलाशासमोर त्यांनी बशी दोन्ही हातांनी पुढे केली आणि कोणी बनवली म्हणून इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि शेवटी आमच्या इथल्या क्रेओल बोलीत विचारलं. खलाशाने बाबांकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आत गेला आणि तळलेल्या माशाचा मोठा तुकडा आणून बशीत ठेवला. वर कमरेत वाकला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी बाबांनी सांगितलं की जपान्यांनी बशीचा मान राखला. मासा आम्ही बसमध्येच खाल्ला होता.

आईचा मात्र विश्वास बसत चालला. तिने सेट काचेच्या कपाटात मांडला, पाहुण्यांना सूर्य दाखवू लागली, आणि गणपतीला सुरिनामला काकीकडे जाताना तोच बरोबर घेतला. चहा त्यातच द्यायचा, आणि काकीसमोर.

आजीची शेजारीण, आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, तीही आली होती. चहा संपवून तिने सवयीने कप पालथा केला.

"अगं बाई, ही तर माझी कोंबडी."

बाबांनी तिला उगवत्या सूर्याबद्दल समजावून सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं, हे पोट, हे दोन पाय, ही शेपटी. चेपलेली कोंबडी अंड्यांवर बसलेली होती म्हणे. आमच्याकडे कार्य निघालं की गावभरची भांडी एकत्र होतात, म्हणून प्रत्येक घर आपल्या भांड्यांच्या बुडाला रंगाने खूण करतं. आमच्या स्वतःच्या पातेल्यांवर निळे ठिपके होते, मी रोज घासत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

सगळे हसले. काकी तर पाटल्या वाजेपर्यंत हसली. आईने किटली खाली ठेवली.

"म्हणजे हा सेटसुद्धा सासूबाईंनी मला दिलेला नाहीच," ती म्हणाली.

त्या क्षणी काकीच्या पाटल्या उचलून समुद्रात फेकाव्यात असं मला वाटलं. पण मावशी आईलाच ओरडली.

"नाही कसा? तुझ्या लग्नाला माझ्याकडून नेला होता. तू नवी नवरी, रडून रडून घसा बसलेला. यातून चहा प्यालीस आणि पहिल्यांदा हसलीस. मी सेट परत न्यायला आले तर तुझी सासू देईना. म्हणाली, हा धाकटीसाठी ठेवायचाय. बदल्यात माहेरचा हंडा माझ्या दारात आणून ठेवला."

तो तांब्याचा हंडा मावशीच्या अंगणात आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला, पण तो आजीचा हे कोणाला ठाऊक नव्हतं. आजीला माहेरून मिळालेली तेवढी एकच वस्तू, आणि ती कुठे गेली हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. काकीचं हसणं थांबलं.

बाबांचं डोकं मात्र अजून कारखान्यातच. कोंबडीच्या खाली खरा शिक्का असणार, असं म्हणत त्यांनी खिशातून चाकू काढला. आईने कप हिसकावून घेतला.

"माझ्या कोंबडीला हात लावायचा नाही. कोणी बनवला ते राहू दे. कोणी दिला ते कळलं मला."

तिने त्याच कपात चहा ओतला आणि सगळ्यांसमोर उभ्यानेच पिऊ लागली, मधेच पदराने डोळे पुसत. बाबांनी हळूच विचारलं, निदान एक बशी तरी खरवडू का.

आईने उरलेला चहा बशीत ओतला आणि फुर्र करून प्याली.