चौकात टांगलेले चौऱ्याऐंशी

मला एमबीएच्या प्रवेश परीक्षेत चौऱ्याऐंशी पर्सेंटाइल पडले, तेव्हा आमच्या घरात त्याचा अर्थ फक्त मला माहीत होता. शंभरातले सोळाजण माझ्या पुढे होते. पुण्यामुंबईच्या ज्या कॉलेजांसाठी मी वर्षभर घासत होते, ती कॉलेजं त्या सोळांतल्याही पहिल्या दोघातिघांनाच उभं करतात. मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं, तोंड धुऊन बाहेर आले, तर टेबलावर पेढे आलेले होते.

इथवर ठीक होतं. पेढे खाऊन संपतात. पण आमच्या काकांना फ्लेक्सचा नाद आहे. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, कुणाच्या घरी बारसं असो, काका पहिले फ्लेक्सवाल्याला फोन करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी आणायला गेले, तर जुळे सोलापुरातल्या आमच्या चौकात, विजेच्या दोन खांबांच्या मधे, मी टांगलेली. फोटो मावसबहिणीच्या लग्नातला, नाकात नथ, आणि खांद्याशी कापताना राहून गेलेलं दुसऱ्याच कुणाचं तरी कोपर. शेजारी लिहिलेलं, ‘एमबीए प्रवेश परीक्षेत उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली चौदा शुभेच्छुक. चौदाही पुरुष, त्यातले नऊ गॉगल लावून. अभिनंदन माझं होतं आणि जागा सगळी त्यांनी खाल्ली होती.

मी तिथंच ओरडायला पाहिजे होतं. ओरडले नाही. खरं सांगायचं तर घरी आल्यावर मैत्रिणींचे मेसेज बघून तासभर बरंही वाटलं. त्या तासाचा मला आजही राग येतो.

त्या वर्षी तीच परीक्षा दुसऱ्यांदा द्यायची मुभा होती. दोन्हीतले जे जास्त तेच धरणार होते. म्हणजे बसून गमावायचं काही नाही, न बसून मात्र सगळंच. आठवडाभराने सकाळच्या चहाला मी अप्पांना सांगितलं की मी परत बसणार आहे.

अप्पांचं रंगाचं दुकान आहे. त्यांना कळेल असं सांगावं म्हणून मी म्हणाले, “अप्पा, हा नुसता प्रायमर मारून झालाय. रंग अजून लागायचाय.”

“चांगले पडलेत की,” अप्पा म्हणाले. “पेढे खाल्लेत लोकांनी. आता परत परीक्षा म्हणलं तर काय समजतील? पोरगी नापास झाली म्हणतील.”

शेजारच्या घरातले काका नेहमीसारखे आमच्या सोफ्यावर पेपर वाचायला आले होते. त्यांनी पेपर खाली केला. “आणि फ्लेक्सचं काय करायचं मग? चौदा माणसांचे फोटो हायत त्यावर. दोघांनी तर स्टेटसला ठेवलंय. त्यांना काय सांगू, उज्ज्वल यश जरा कमी पडलं म्हणून?”

मला वाटलं काका चेष्टा करायलेत. चेष्टा नव्हती. पुढच्या रविवारी सकाळी शुभेच्छुकांची बैठक बसली, आमच्या हॉलमधे. माझ्या परीक्षेवर विचार करायला, आणि त्यांना चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला द्यायला मीच. चौदातले सहाजण आले होते. सिमेंटच्या एजन्सीवाले, पाण्याच्या जारवाले, आणि एक रिटायर हेडमास्तर, ज्यांना सगळे सर म्हणतात. फोटोत जे गॉगल लावून होते, ते घरात साध्या चष्म्यात होते.

सिमेंटवाल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, “परत दिली आणि कमी पडले तर?”

मी ताट हातात धरूनच म्हणाले, “कमी पडले तरी जुनेच धरतात. नियमच आहे तसा.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण कमी पडले तर?”

सरांनी मान हलवली. “मुलीनं यश पचवायला शिकलं पाहिजे. हाव बरी नव्हे.” हे सांगताना त्यांनी दुसऱ्यांदा सुशीला घेतला, वरून शेंगदाणे वेचून. जारवाल्यांनी सांगितलं की इथल्याच एका कॉलेजात त्यांची ओळख आहे, शब्द टाकला की माझं काम होऊन जाईल, घरून जाऊन-येऊन करता येईल, उगाच पुण्याला जाऊन मेसचं खायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांनी सगळ्यात जास्त डोलावली. ज्या माणसांना परीक्षेत किती विषय असतात हे ठाऊक नाही, ती माझ्या पुढच्या दोन वर्षांचा निकाल लावून, हात धुऊन, चपला घालून निघून गेली.

मी आईवर चिडले, कारण चिडायला तीच समोर होती. आई म्हणाली, “जाऊ दे गं. घरच्या घरी होईल तुझं.” मी म्हणाले, “घरच्या घरी लोणचं होतं, आई.” ती कपबश्या गोळा करत राहिली, आणि मला त्याचाही राग आला.

पण त्या बैठकीनं माझं खरं नुकसान वेगळंच केलं. माणूस सहा जणांना वेड्यात काढू शकतो. आपल्या बापाला काढता येत नाही. अप्पांना मी लहानपणापासून ओळखते. भिंत बघून रंग किती लागेल हे ते डब्यात सांगतात आणि चुकत नाहीत. तेच अप्पा मला बघून पुरे म्हणायलेत, म्हणजे माझ्यात तेवढंच असणार, हे हळूहळू डोक्यात बसत गेलं. मी सराव परीक्षा सोडवायला बसले की गणिताच्या चौथ्या प्रश्नाला हात थांबायचा. आधी चौऱ्याऐंशी पडले होते, आता सरावात सत्तरच्या पुढे जाईना. आठ दिवस मी पुस्तक उघडलंच नाही. भाजी आणायला चौकातून जायचं म्हटलं की गाडी मागच्या गल्लीनं काढायची. उज्ज्वल यश वर हसतंय आणि खाली मी तोंड लपवून चाललेय. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली, आणि मी न भरायचं जवळजवळ ठरवून टाकलं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आईनं मला दुपारी अप्पांचा डबा घेऊन दुकानात पाठवलं. काउंटरवर कुणी नव्हतं. मागच्या बाजूला रंग कालवायचं मशीन चालू होतं आणि अप्पा पाठमोरे उभे राहून, मशीनपेक्षा मोठ्यानं, फोनवर बोलत होते. कानडीत. म्हणजे पलीकडे आत्या, अक्कलकोटकडची.

इथं आमच्या घराची एक गंमत सांगायला पाहिजे. आमच्याकडे मराठी सगळ्यांसाठी आणि कानडी पोरांना कळू नये अशा गोष्टींसाठी. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या पोटात गाठ निघाली, हे सगळं आमच्या डोक्यावरून कानडीत चालायचं. पोरं इंग्लिश मीडियमला, त्यांना काय कळणार, ही मोठ्यांची पक्की समजूत. पण प्रत्येक मे महिना आम्ही आईच्या माहेरी काढला, तिथं कानडीशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही. आणि जे पोरांपासून लपवायचं, ते पोरं सगळ्यात आधी शिकतात. सात वर्षांची असल्यापासून मला सगळं कळतं. मी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ऐकायला मिळालं नसतं.

अप्पा म्हणत होते, “पास आगताळ आकी. ह्वाद्र तिरगी बरंगिल्ल.”

ती पास होणार. गेली की परत यायची नाही.

पुढचं मी उभी राहून सगळं ऐकलं. परत बसली तर नव्वदच्या वर जाईल, पोरगी हुशार आहे, मला माहीत आहे की. तो फ्लेक्स लागला ते बरंच झालं, त्याच्या आडून नाही म्हणता आलं. उद्याचा एक दिवस गेला की सुटलो.

तीन आठवडे हा माणूस मला पुरे झालं, पुरे झालं म्हणत होता. तीन आठवडे मी स्वतःला ढ समजत होते. यांना मी कमी पडेन याची भीती नव्हतीच. मी कमी पडणार नाही, ही भीती होती. आणि ती लपवायला त्यांनी मलाच कमी पाडलं, सहा परक्या माणसांच्या समोर, माझ्याच हातचा चहा पीत.

अप्पांनी फोन ठेवला आणि वळले. मी डबा काउंटरवर ठेवला.

“याक्री, अप्पा?” मी विचारलं. का हो, अप्पा.

मशीन चालूच होतं. अप्पांनी ते बंद केलं. मी जन्मात त्यांच्याशी कानडी बोलले नव्हते. मग ते मराठीत म्हणाले, “तुला कळतंय होय?”

“पहिल्यापासून.”

ते स्टुलावर बसले. बोटांना पिवळा रंग लागला होता, तो पुसत राहिले. “तुझा दादा गेला बेंगळुरूला,” ते म्हणाले. “दिवाळीला दोन दिवस येतोय. त्यातला एक दिवस झोपतोय. आता तू पण गेलीस की घरात आम्ही दोघंच, काय बोलायचं एकमेकांशी?”

दुसरी कुणी असती तर तिथं विरघळली असती. मी नाही विरघळले. मी म्हणाले, “हे मला सांगायचं होतं अप्पा. गेलीस तर करमायचं नाही, एवढं म्हणाला असतात, तर मी दहा वेळा विचार केला असता. कदाचित राहिलेही असते. तुम्ही मला ढ ठरवलंत.”

“ढ कधी म्हणालो?”

“म्हणाला नाहीत. म्हणवून घेतलंत दुसऱ्यांकडून.”

अप्पा परत बोटांवरचा पिवळा रंग खरवडायला लागले.

मी रंगाच्या एका मोठ्या डब्यावर बसले, मोबाइल काढला आणि तिथंच, त्यांच्या समोर, फॉर्म भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, फोटो, सही. मधे एक गिऱ्हाईक आलं, बाल्कनीच्या ग्रिलला काळा ऑइलपेंट पाहिजे म्हणालं. अप्पांनी डबा दिला, ब्रश दिला, टर्पेंटाइन दिलं, सगळं नीट दिलं. मग परत येऊन बसले. जेवणाचा डबा उघडला नाही. मी परीक्षेच्या केंद्रांची यादी उघडली. बोट खाली-वर करत जरा वेळ बघत राहिले, आणि पुणे निवडलं.

“केंद्र कुठलं आलं?” अप्पांनी विचारलं.

“पुणे.”

“सोलापूर नव्हतं?” ते म्हणाले. “मी आलो असतो की सोडायला.”

“नव्हतं,” मी म्हणाले.

होतं.