मुरलीधररावांच्या मुशीतल्या पाटल्या

करोल बागेत एका जिन्याखाली मुरलीधररावांची गलाईची भट्टी आहे. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करणं. चाळीस वर्षांपूर्वी सांगलीकडून आलेल्या या माणसाने अर्ध्या दिल्लीच्या बांगड्या आणि सासवांचे हार नाहीसे केले असतील, तेही मालकिणींच्या डोळ्यांदेखत. कारण त्यांचा नियमच आहे: मालकाने समोर बसायचं आणि दागिना मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, सोडण्याआधी एकदा हातात घेऊन बघायचा.

इथे बायकांचे डोळे भरतात. मग मुरलीधरराव आपला वेदान्त काढतात. "बहनजी, हार तो बस नाम है, शकल है. था भी सोना, रहेगा भी सोना. रोना किस बात का?" एका पंजाबी आजींनी तर डोळे पुसत विचारलं होतं, "पुत्तर, सत्संग भी करते हो?"

गेल्या वर्षी त्यांची बायको गिरिजा गेली. मुलगी संपदा गुरुग्रामला नोकरी करते. ती म्हणाली, "आईच्या पाटल्या कपाटात ठेवून काय करू? मला रोज घालता येईल अशी चेन करा ना."

महिनाभर मुरलीधररावांचा गॅस संपत होता. मग मूस तडकली. मग अमावास्या निघाली. शेवटी एका शनिवारी दुपारी संपदाच येऊन समोर बसली. मी नेहमीसारखा तिथे गप्पा मारायला येऊन चहा पीत होतो.

"बाबा, जगाला सांगता दागिना म्हणजे नुसतं नाव. अब क्या हुआ?"

"अगं, ते लोकांचं सोनं असतं!"

बोलून गेले आणि स्वतःच हसले. मग नियमाप्रमाणे पाटल्या हातात घेतल्या. एकीला पोचा होता. त्यावरून अंगठा फिरवला आणि दोन्ही मुशीत सोडल्या.

कडा मऊ झाल्या. नक्षी गेली, पोचा गेला. मग दोन पाटल्या दोन राहिल्याच नाहीत. मुशीच्या तळाशी एकच थरथरता सूर्य. चहा माझ्या हातात गार झाला.

"बाबा," संपदा हळूच म्हणाली, "आई गेली?"

"थांब गं." त्यांची नजर हलेना. "पाटली होती, ती दिसली. नाहीशी झाली, तेही दिसलं. सोनं तेच आहे, हे तर मी रोज सांगतो. पण हे सगळं ज्याला दिसलं, तो या मुशीत होता काय? त्याला धगसुद्धा लागली नाही. आणि तुझ्या आईच्या डोळ्यांतून जो बघत होता, तो दुसरा कुणी असेल, असं आत्ता मला वाटेनाच झालंय."

ज्योत त्यांनी केव्हाच बंद केली होती. सोनं मंद झालं आणि थिजता थिजता एकदम लखकन उजळलं.

"बाबा, ओता ना!"

उशीर झाला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातचं सोनं मुशीतच घट्ट झालं.

"असू दे, पुन्हा वितळेल," मुरलीधरराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा गॅस पेटवला.