पायाळू सून

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं मानणारे लोक पुण्यात अजून पुष्कळ आहेत, आणि माझ्या सासूबाई त्यांतल्याच. माझं माहेर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच असल्या समजुती आमच्या घरातून गेल्या. जन्माची ही गोष्ट आई गमतीनं सांगायची. ती मी नवऱ्याला सांगितली आणि त्यानं आपल्या आईला.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. मला कधी वावगा शब्द बोलल्या नाहीत. 'अहो, आपण बसा, दमला असाल' असं म्हणत त्यांनी मला इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या दाराशी थोपवलं. मी भरून ठेवलेला तांब्या थोड्या वेळानं मोरीत उपडा झालेला असायचा. गौरींच्या दिवशी धाकटी जाऊ आत पुरण वाटायची आणि मी बाहेर पाहुण्यांशी हवापाण्यावर बोलायची. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. या आदराशी भांडायचं कसं? नवरा म्हणायचा, तिचं वय झालंय, मनावर घेऊ नकोस. तिचं वय माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा झालेलंच होतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी त्या मंडईतून आल्या, बटाट्यांची जड पिशवी खाली ठेवताना कमरेत वळल्या आणि तिथेच अडकल्या. आम्ही दोघांनी कसंबसं पलंगावर निजवलं. श्वास घेतला तरी कळ येत होती. नवरा तेलाची बाटली शोधायला गेला. तेवढ्यात त्या मला म्हणाल्या, "अहो, उसण भरलीय. जरा पाय लावता का?"

मला हसूही आलं आणि संतापही. पायानं काही होत नाही, असं मी सांगितलं. स्नायू एकदम आखडतो, दुखतं म्हणून आपण अंग चोरतो आणि चोरलं की तो आणखी आखडतो. ऑफिसात दिवसभर बसून माझ्या कमरेनं मला हे शिकवलं आहे. पायाला मुंग्या, बधिरपणा, लघवीची काही तक्रार आहे का ते विचारलं. असती तर सरळ दवाखाना गाठला असता. नव्हती. मग म्हटलं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून लावते आणि हलक्या हातानं चोळून देते.

त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "हात नको. पायच लावा."

नवरा बाटली घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं. मला या घरात एकच गोष्ट हवी होती, त्यानं एकदा तरी आईला 'का नको?' असं विचारावं. तो बाटलीचं झाकण उघडत राहिला.

मी पाय लावला नाही. पिशवी मात्र आणून ठेवली. पुढची कळ आली तेव्हा त्याच म्हणाल्या, बरं, चोळा. मी चोळलं. कुशीवर वळवून गुडघे हळूहळू पोटाशी घ्यायला लावले, दुखेल तिथे थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळानं आखडलेलं सैल पडलं. भिंतीला धरून त्या खोलीत चालल्या. नुसतं पडून राहू नका, अधूनमधून चालत राहा, असं मी बजावलं. त्यांनी आभार मानले, अर्थातच 'आपले'. मग लेकाला म्हणाल्या, माझं अंघोळीचं पाणी तापव.

अंघोळ सकाळीच, पूजेआधी झाली होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. नवऱ्यानं जाऊन गीझर लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेवढाच शेक बसेल तिला."

"शेक बसलाय," मी म्हणाले. "आई माझा हात धुऊन टाकायला चालल्यात. आणि पाणी तू तापवतोयस."

पाणी तापल्यावर त्यानंच आईला धरून बाथरूमपर्यंत नेलं.