कोलमच्या पिठाचं घर

जानकीअक्का होत्या तोवर आमच्या गल्लीत कुणी कागदावर घर काढलं नाही. सरकारी खात्यात जन्मभर नकाशे काढून त्यांना कागदाचाच वीट आलेला. अंगणात कोलम, म्हणजे आमची रांगोळी, काढायच्या पांढऱ्या पिठाचा डबा घेऊन त्या थेट जागेवर यायच्या आणि अख्खं घर खऱ्या मापात जमिनीवर आखायच्या. मग हुकूम: "आता दिवसभर यात राहा. मग बोलू."

आमची राजवाड्यामागची भाड्याची खोली म्हणजे इडलीचं भांडं. उन्हाळ्यात दुपारी आईचा डोळा लागायचा नाही. नव्या घरात तुला गाढ झोपवीन, असं मी तिला कबूल केलेलं. पण मी चौथीत शाळा सोडलेला शहाणा! अक्कांना सांगितलं, पश्चिमेला बंद हॉल, मोठी काच, एसी. पूर्वेला, कालव्याच्या बाजूला, कारशेड. कार नव्हती. पण मेहुण्याकडे होती ना!

अक्कांनी मुकाट्याने तसंच आखलं. वर मांडवाचं कापड, खाली चटया, आणि आम्ही राहायला गेलो. मी पहिल्याच मिनिटाला स्वयंपाकघरातून सरळ हॉलमध्ये.

"गोपू, भिंतीतून गेलास रे! दाराने ये."

दाराने आलो तर बायको ओरडली, "अहो, न्हाणीत आहे मी!" ती साडी नेसून नुसती उभी होती, तरी मी लाजून मागे फिरलो आणि दुसरी भिंत पुसली.

तीन वाजता ऊन तिरपं होऊन माझ्या काचेतून आत आलं. हॉलमध्ये मी एकटा, छत्री आडवी धरून.

"एसी लावल्यावर थंड होईल," मी म्हणालो.

"आणि करंट गेला की?" अक्कांनी विचारलं.

"तेव्हा... बाहेर बसू."

"मग बाहेरच बांधू की!"

बाकी सगळे कधीच कारशेडमध्ये सरकले होते. आईचा पदर वाऱ्यावर उडत होता. ती म्हणाली, "इथे बरं वाटतंय रे. पण तुझी गाडी कुठे राहील?"

"अय्यो, गाडी!" म्हणत अक्का हसतहसत खालीच बसल्या. मग उठून पायानेच कारशेड पुसलं. तिथे उघडा चौक आणि भोवती कौलारू ओसरी आली. पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठी. "ऊन त्यांनी खावं," अक्का म्हणाल्या, "माणसांनी कशाला?"

गृहप्रवेशाला माणसंच माणसं. होम पेटला, धूर चौकातून वर गेला, आणि आई दिसेना. शोधतो तर ओसरीवर, नव्या रेशमी साडीत, भरदुपारी घोरत पडलेली. अक्कांनी सनईसारखा नादस्वर फुंकणाऱ्याला रस्त्यावर पिटाळलं आणि भटजींना म्हणाल्या, "मंत्र हळू. देवाला ऐकू येतं."

मेहुण्यापुढे मिरवायचं भाषण मी महिनाभर पाठ केलेलं. तोंड उघडलं मात्र, अक्कांनी त्यात अख्खा लाडू कोंबला.