एकोणीस झालेत, काका

सदर इसम नामे कैलास तुकाराम घोलप, वय वर्षे साठ पूर्ण, राहणार चिखलोली, धंदा प्रशिक्षणार्थी. सदर इसम मेहंदी, केक सजावट, भुवयांना आकार देणे, प्रथमोपचार व आपत्ती व्यवस्थापन या विषयांत रीतसर प्रमाणित आहे. पैकी कोणत्याही विषयाचे ज्ञान त्याच्यापाशी असल्याचे अद्याप आढळून आलेले नाही. वर्तणूक चांगली. एका जागी बसत नाही.

शेवटचा शेरा त्याच्या बायकोचा, संजीवनीचा.

कैलास अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होता. सगळी नोकरी त्यानं उभ्यानं केली आणि निवृत्त झाल्यावर जो तो म्हणाला, आता बसा. बसायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पेपर वाचून झाला की तो फ्रिज उघडून बघायचा आणि बंद करायचा. मग चिखलोलीचं स्टेशन जिथं होणार आहे तिथवर चालत जायचा, ते अजून झालेलं नाही याची खात्री करायचा आणि घरी येऊन पुन्हा फ्रिज उघडायचा.

"काही हरवलंय का त्यात?" संजीवनी विचारायची.

"नाही, बघतोय."

"बघण्याचं बिल येतं."

त्याची सुटका केली ती एका नियमानं. अंबरनाथच्या एका कॉलेजात प्रौढांसाठी दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा चालत. वीस माणसं जमली तरच बॅच सुरू, नाहीतर रद्द. आता वीस माणसं काही आपोआप जमत नाहीत, जमतात ती एकोणीस. कार्यशाळांचं काम बघणाऱ्या भाविका मॅडमनी एकदा अडचणीत कैलासला बसवून घेतलं, आणि तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, "एकोणीस झालेत, काका." काका चप्पल घालूनच फोन ठेवायचे. फी माफ, चहा कॉलेजचा.

पण आकडा भरायला आलेल्या माणसाला कुणी काही शिकवत नाही, त्याच्यावर शिकतात. प्रथमोपचारात त्याला बँडेज गुंडाळलं. भुवयांच्या वर्गात त्याच्या भुवया कोरल्या. मेहंदीच्या वर्गात खरवईच्या ऋतिकानं त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत नवरीची मेहंदी काढली आणि विचारलं, "काका, नाव कुणाचं घालू?"

"संजीवनी घाल."

संजीवनीनं ते हात बराच वेळ बघितले. "रंग उतरेपर्यंत भाजी मी आणत जाईन," एवढंच म्हणाली.

या सगळ्यात त्याला हवी होती फक्त एक कार्यशाळा, नळजोडणीची. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. इमारतीचा प्लंबर रोज फोनवर "आलोच" म्हणायचा. रात्रंदिवस ती टपटप ऐकून कैलासचं डोकं फिरायचं, त्यातून संजीवनी म्हणायची, "बाकी काही करता येत नाही, निदान पाना तरी धरता आला असता." कारखाना सुटल्यापासून त्याच्या हातानं एकही गोष्ट दुरुस्त झालेली नव्हती. एकदा तरी त्याला आपल्या हातानं काही करायचं होतं.

शेवटी ती कार्यशाळा निघाली, आणि भाविका मॅडमचा फोन आला.

"काका, घोळ झालाय. रुग्णसेवेची बॅच पण त्याच दिवशी आहे. नळजोडणीला तुम्हाला धरून वीस होतात, पण रुग्णसेवेला एकोणीसच. तुम्ही तिकडे बसा ना. नळजोडणी घेऊ पुढच्या वर्षी."

"मॅडम, माझा नळ आत्ता गळतोय हो."

"ऋतिका आहे त्यात, काका. बदलापूरच्या हॉस्पिटलात तिला लावून घेतायत, पण ही कार्यशाळा केली तरच. आणि पेशंट म्हणून झोपायला पण कुणीतरी लागेलच."

कैलासनं फ्रिज उघडला, बंद केला. गॅलरीत गेला, आला. पुन्हा फ्रिजकडे निघाला तेव्हा संजीवनीनं वाट अडवली. "कोण मेलंय?"

त्यानं सगळं सांगितलं. बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "तू चल ना. तिकडची विसावी तू."

"मी? मला काय येतं?"

"येणाऱ्याला तिथं घेतच नाहीत. नुसतं बसायचं."

"ते तुम्हाला तरी कुठं जमतं?" असं म्हणत ती साडी बदलायला गेली.

संजीवनी नुसती बसली नाही. पेशंट म्हणून झोपायलाही तिनं साफ नकार दिला, बदलापूरच्या हॉस्पिटलातून शिकवायला आलेल्या बाईंनाच कॉटवर झोपवलं आणि त्यांची चादर बदलून दाखवली. सासूचं अंथरूण तिनं आठ वर्षं असंच केलं होतं. हॉस्पिटलनं ऋतिकाला घेतलं आणि हिलाही बोलावलं.

इकडे कैलासच्या हातात पाना आला. सराव लाकडी फळीवर बसवलेल्या नळांवर होता. त्या नळांना पाणी नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचेच नळ उत्तम बसले. कार्यशाळा संपल्याबरोबर तो उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये सामान आणायला गेला.

"बोलो साईं, कितने नल का काम है?" दुकानदारानं विचारलं.

"कोर्स किया है," कैलास म्हणाला.

दुकानदारानं आदरानं पुडकंभर वॉशर दिले.

सोमवारी संजीवनी हॉस्पिटलची निळी साडी नेसून, डबा घेऊन बदलापूरच्या रिक्षात बसली. जाताना म्हणाली, "फ्रिजमध्ये भाजी आहे. एकदाच उघडा." कैलासनं मेन कॉक बंद केला, नळ खोलला, वॉशर बदलला, टेप गुंडाळून नळ बसवला आणि पाणी सोडलं. बोट धरून बघितलं. कोरडं. स्टूल ओढून तो नळासमोर बसला. टपटप नव्हती. घरात दुसराही कसला आवाज नव्हता. मग तो पाना घेऊन मोरीत गेला, संडासात गेला, गॅलरीतल्या नळालाही हात लावून आला.

सबब, सदर इसम आता नळजोडणी या विषयातही रीतसर प्रमाणित आहे.

घरात गळणारा नळ एकच होता.