हौसामावशीची टोळी

मळणीयंत्र सुरू होण्याआधी हौसामावशी आम्हा सगळ्या बायांना रांगेत उभं करायची. पदर नीट खोचलाय का, बांगड्या वर सारल्यात का, कुणाची ओढणी लोंबतेय का, हे स्वतः चाचपून बघायची. मग ट्रॅक्टरवाल्याला सांगायची, "कर चालू. समद्यांचे हात जागेवर हायेत."

सोनईजवळच्या आमच्या गावात गव्हाची मळणी तिच्या टोळीशिवाय होत नसे. बारावीनंतर मीही त्या टोळीत गेले. यंत्राच्या तोंडाशी मावशी, आम्ही तिला पेंढ्या देणाऱ्या. त्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्या ओरडूनच बोलायच्या. यंत्र मधेच थांबलं की कुणीतरी सासूचं गाऱ्हाणं अख्ख्या शिवाराला ऐकवत असायची, आणि मावशी भुशातच बसून हसायची. "घरी गप बसायचं, हितं वरडायचं. मळनी हाय म्हनून डोकं ठिकानावर हाय," म्हणायची. अंग खाजायचं, नाकातून काळं यायचं, तरी इतकं सुख मला पुढे कुठल्याच कामात मिळालं नाही.

मग हार्वेस्टर आलं. टोळीला कुणी बोलावेना. मावशीच्या मुलानेही हार्वेस्टर सांगायचं ठरवलं, तेव्हा ती अडून बसली, "आपल्या रानातला गहू तरी आमी बाया मळू. येकदाच." तो म्हणाला, "बाया गोळा कर, मी यंत्र सांगतो." मी माहेरी आले होते. आम्ही दोघी घरोघर फिरलो. एकीचे गुडघे गेले होते. एक शिंगणापूरला शनीच्या तेलाच्या बाटल्या विकायला बसायची, तिला गिऱ्हाईक सोडवेना. एकीच्या सुनेने सांगितलं, आत्या आता माणसं ओळखत नाहीत. परतताना मावशीने विचारलं, "तू तरी येशील ना गं?" मी हो म्हणाले. दोघींनी मळणी होत नाही, हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

पुढच्या हंगामापर्यंत मावशी राहिली नाही. तिची आठवण आली की मला तिच्या रानात हार्वेस्टर आलं ती सकाळच दिसते आणि जीव तुटतो. ती किटली भरून चहा घेऊन बांधावर आली होती, अख्ख्या टोळीला पुरेल एवढा. सवयीने केला की मुद्दाम, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तिचा गव्हाचा तुकडा बघता बघता उरकला. पंजाबी ड्रायव्हरने एक कप घेतला, मान हलवली आणि तो पुढच्या रानात गेला. मी एक कप प्यायले, दुसरा प्यायले, तिसरा मागितला.

"ऱ्हाऊ दे पोरी," मावशी म्हणाली, "तुझ्या एकटीच्यानं न्हाई संपायचा."